हू आणि विच यांची फिर्याद

इ. स. १७११ च्या मे महिन्याच्या तीस तारखेस लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ पत्रात एक अर्ज छापून आला. स्टील आणि ॲडिसन ह्या दोघा मित्रांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हे पत्र सुरू केले होते. रविवार सोडून रोज त्याचा एक अंक निघे आणि लंडनच्या कॉफीगृहांतून तो मोठ्या चवीने वाचला जाई. त्या दिवशीच्या अर्जाखाली दोन नावे होती; पण ती माणसांची नव्हती. ‘हू’ आणि ‘विच’ असे इंग्रजी भाषेतले दोन शब्द संपादकमहाशयांच्या दारात दाद मागायला उभे राहिले होते.

त्यांचे गाऱ्हाणे थोडक्यात असे: आम्ही प्राचीन आणि कुलीन घराण्यांतले. पुष्कळ वर्षे आम्ही आपला मानमरातब राखून होतो. पण ‘दॅट’ नावाचा एक उपटसुंभ मध्येच घुसला आणि त्याने आमच्या जागा बळकावल्या. आता व्यासपीठावर धर्मोपदेशक आम्हांला विचारीत नाहीत, न्यायालयात वकील विचारीत नाहीत. फार काय, संपादकमहाशय, आपल्या स्वतःच्या लेखनातही आमची उपेक्षा झालेली आहे! लहान मुलांना जी पहिली प्रार्थना शिकवतात तिच्यातसुद्धा देवबाप्पाला ‘हू’ म्हणावयाचे सोडून ‘विच’ म्हणतात, आणि धर्मसभेने पुष्कळ वाद घालूनही ही चूक सुधारण्याचे नाकारले.

‘दॅट’ काही मुकाट बसणारा नव्हता. दोनच दिवसांनी, जूनच्या पहिल्या तारखेस, त्याचा जबाब त्याच पत्रात आला. त्याने एक असे वाक्य करून दाखवले की ज्यात ‘दॅट’च्या मागे ‘दॅट’, त्याच्या मागे पुन्हा ‘दॅट’ अशी पंगतच बसली आहे, आणि तरीही वाक्याचा अर्थ लागतो. मग त्याने अर्जदारांना आव्हान दिले की, ‘हू’ आणि ‘विच’ ह्या दोघा ‘प्रश्नार्थक’ महाशयांनी स्वतःच्या बळावर असे एक वाक्य करून दाखवावे!

हा सारा विनोद होता हे उघड आहे. पण ह्या विनोदाच्या पोटात एका भाषेचा हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आपल्याकडे दीड-पावणेदोनशे वर्षे मुलेमुली ज्या नियमांपुढे घाबरून उभी राहत आली, त्या नियमांचा उगमही ह्याच भांडणात सापडतो. म्हणून दिवाळीच्या ह्या निवांत दिवसांत त्या फिर्यादीची थोडी चौकशी करून पाहू.

प्रथम हे तिघे भाषेत काय काम करतात ते सांगितले पाहिजे. ‘जो मुलगा काल आला होता तो माझा भाचा’ ह्या वाक्यात दोन वाक्ये आहेत. एका वाक्याची गाठ दुसऱ्याशी घालण्याचे काम ‘जो’ करतो. आपले व्याकरणकार त्याला संबंधी सर्वनाम म्हणतात. इंग्रजीत हेच काम ‘हू’, ‘विच’ आणि ‘दॅट’ करतात. शाळेतला नियम सोपा आहे: माणसाला ‘हू’, वस्तूला नि जनावराला ‘विच’, आणि ‘दॅट’ दोहोंना. पण हा नियम कोणी केला, कधी केला, आणि त्यापूर्वी इंग्रजांचे कसे चालत होते?

त्यापूर्वी म्हणजे फार पूर्वी, नवव्या शतकाच्या अखेरीस ॲल्फ्रेड राजा वेसेक्समध्ये राज्य करीत होता त्या काळी, इंग्रजी ही आपल्या मराठीसारखीच तीन लिंगांची भाषा होती. पुल्लिंगी ‘से’, स्त्रीलिंगी ‘सेओ’ आणि नपुंसकलिंगी ‘थॅट’ अशी तिची दर्शक सर्वनामे होती. मराठी वाचकाला हे त्रिकूट ओळखीचे वाटेल, आणि ते खरोखरच ओळखीचे आहे. संस्कृतातील ‘सः, सा, तत्’ आणि जुन्या इंग्रजीतील ‘से, सेओ, थॅट’ ही एकाच मूळ घराण्यातली भावंडे होत. आपले तो, ती, ते हेही त्याच कुळातले. जुने इंग्रज ही दर्शक सर्वनामेच संबंध दाखवण्याकरिता वापरीत. त्यांच्या जोडीला ‘थे’ नावाचे एक अव्यय असे. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. ते नुसते जोडण्याचे काम करी.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच आली, आणि इंग्रजी शेतात, बाजारात व स्वयंपाकघरात राहिली. शब्दांची लिंगे आणि विभक्तीचे प्रत्यय ह्याच सुमारास झपाट्याने गळून पडले. त्यांची पडझड तर विजयाच्या आधीच सुरू झाली होती. ‘से’ गेला, ‘सेओ’ गेली, पुढे ‘थे’ अव्ययही गेले. मागे राहिले ते एकटे नपुंसकलिंगी ‘थॅट’, म्हणजेच आजचा ‘दॅट’. आपल्याकडे ‘तो’ आणि ‘ती’ नाहीसे होऊन पुरुषाला, बाईला, दगडाला, गाईला सरसकट ‘ते’ म्हणावे लागले असते तर जे झाले असते, तेच इंग्रजीत झाले. तेराव्या-चौदाव्या शतकांत ‘दॅट’चे राज्य जवळजवळ निष्कंटक होते.

मग ‘हू’ आणि ‘विच’ कोठून आले? ‘दॅट’ने आपल्या जबाबात त्यांना ‘प्रश्नार्थक’ म्हणून हिणवले, ते अगदी वर्मावर बोट ठेवणारे होते. ‘हू’ म्हणजे मुळात ‘कोण?’, आणि ‘विच’ म्हणजे ‘कोणता?’ संस्कृत ‘कः’ आणि इंग्रजी ‘हू’ हे सख्खे नातलग आहेत. ‘विच’चे जुने रूप ‘ह्विल्च’; त्याचा शब्दशः अर्थ ‘कोणासारखा’, आपल्या ‘कीदृश’ ह्या शब्दाशी जुळणारा. हे दोघे प्रश्न विचारण्याकरिता जन्मले. वाक्यांच्या गाठी मारणे हा त्यांचा धंदाच नव्हता.

मराठीत अशी गल्लत होत नाही, कारण आपण प्रश्नाचे आणि संबंधाचे शब्द अगदी वेगळे ठेवले आहेत. ‘क’कारात प्रश्न: कोण, कोणता, कधी, कोठे. ‘ज’कारात संबंध: जो, जेव्हा, जेथे. ‘त’कारात उत्तर: तो, तेव्हा, तेथे. संस्कृतातल्या ‘यः’ पासून आपला ‘जो’ आला आणि तो आजतागायत आपले काम करतो आहे. इंग्रजीच्या भात्यात हा ‘ज’ नव्हताच. म्हणून तिने आधी ‘त’ वापरून पाहिला आणि पुढे ‘क’ उसना घेतला. ‘कोण काल आला तो माझा भाचा’ असे कोणी मराठीत म्हटले तर आपण हसू. पण ‘हू’ घातलेले प्रत्येक इंग्रजी वाक्य मुळात असेच आहे.

हा उसनवार व्यवहार सुचला तो बहुधा लॅटिन आणि फ्रेंच यांच्याकडे पाहून. त्या भाषांत प्रश्नाचे आणि संबंधाचे शब्द पुष्कळसे एकच आहेत, आणि त्या काळचा शिकलेला इंग्रज लॅटिन ग्रंथ नि फ्रेंच कागदपत्रे यांतच वाढलेला असे. आधी ‘हूज’ आणि ‘हूम’ ही विभक्तीची रूपे संबंधाच्या कामाला लागली, नंतर ‘विच’ आला. इ. स. १४०० मध्ये वारलेल्या चॉसर कवीच्या लेखनात ‘दॅट’ पदोपदी दिसतो, ‘विच’ही भेटतो, पण कर्त्याच्या जागी संबंध दाखवणारा ‘हू’ मात्र जवळजवळ नाहीच.

‘हू’ सर्वांच्या शेवटी आला, आणि तो कोणत्या दाराने आला हे मोठे मौजेचे आहे. पंधराव्या शतकातल्या नॉरफक परगण्यातील पॅस्टन नावाच्या घराण्याची शेकडो पत्रे आज उपलब्ध आहेत. जमिनीचे तंटे, लग्नाच्या वाटाघाटी, नवऱ्याला घरून पाठवलेले निरोप, सगळे त्यांत आहे. आपल्या जुन्या पत्रांत जसे ‘कळावे, लोभ असावा’ येई, तसे त्या काळच्या इंग्रजी पत्रांच्या शेवटी देवाचे नाव घेऊन आशीर्वाद देण्याची रीत होती: देव, जो तुमचे रक्षण करो. असल्या ठरीव वाक्यांत ‘हू’ कर्ता होऊन प्रथम नियमाने दिसू लागतो. म्हणजे संबंधी सर्वनाम म्हणून ‘हू’ने भाषेत पाऊल टाकले ते देवाचा हात धरून. मागाहून तो राजांना लागला, मग सरदारांना, आणि शेवटी तुम्हांआम्हांला.

हा सगळा प्रवास एका जागी पाहावयाचा असेल तर ख्रिस्ती लोकांच्या त्या पहिल्या प्रार्थनेकडेच वळावे. आपल्या स्वर्गातल्या पित्याला हाक मारून ती सुरू होते. इ. स. १००० च्या सुमाराच्या इंग्रजी भाषांतरात ‘पिता’ आणि ‘स्वर्ग’ यांची गाठ ‘थे’ने मारली आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा तेथे ‘दॅट’ बसला. टिंडलच्या १५२६ च्या नव्या करारात ‘विच’ आला, आणि १६११ मध्ये जेम्स राजाच्या आज्ञेने झालेल्या प्रसिद्ध भाषांतरात तोच कायम राहिला. त्या काळी माणसाला, फार काय देवालाही, ‘विच’ म्हणण्यात काही उणे नव्हते. १७११ मध्ये अर्जदारांनी त्याविरुद्ध तक्रार केली. आणि १७८९ मध्ये, अमेरिका स्वतंत्र झाल्यावर, तेथल्या प्रार्थनापुस्तकात ‘विच’च्या जागी ‘हू’ घालण्यात आला. विसाव्या शतकात नवी भाषांतरे झाली, त्यांपैकी पुष्कळांनी संबंधी सर्वनामच काढून टाकून ‘स्वर्गातल्या पित्या’ एवढ्यावर काम भागवले. ह्यातले कोणते शुद्ध आणि कोणते अशुद्ध? प्रत्येक आपल्या काळी शुद्धच होते.

आणि अर्जदारांचा तो कुलीनपणाचा दावा? तो साफ खोटा ठरतो. ‘दॅट’ हा मूळ मालक. ‘विच’ आणि ‘हू’ हे मागाहून आलेले भाडेकरू. भाडेकरूंनीच मालकावर घुसखोरीची फिर्याद लावली, आणि शिष्ट लोकांना ती पटली!

ती का पटली, हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज लेखकांना आपल्या भाषेची लाज वाटू लागली होती. लॅटिनला व्याकरण आहे, फ्रेंचांनी अकादमी काढली आहे. आमच्या भाषेला मात्र ना शेंडा ना बुडखा, अशी त्यांची खंत होती. ड्रायडन हा त्या पिढीचा अग्रणी. आपण लिहितो ते इंग्रजी बरोबर आहे की नाही, अशी शंका आली म्हणजे तो ते मनात लॅटिनमध्ये उतरवून पाही. हे त्याने १६७९ मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे. आता लॅटिनमध्ये संबंधी सर्वनामाला लागणारे शब्दयोगी अव्यय त्याच्या आधी येते, वाक्याच्या शेवटी लोंबकळत राहत नाही. इंग्रज मात्र बोलताना ते खुशाल शेवटी ठेवतो. ‘ज्या काळात मी राहतो’ हे तो ‘द एज आय लिव्ह इन’ असे म्हणतो. यात संबंधी सर्वनाम तर अदृश्यच आहे, आणि ‘इन’ शेपटीसारखे मागे राहिले आहे.

ड्रायडनला ही शेपटी खुपू लागली. १६७२ मध्ये त्याने बेन जॉन्सनसारख्या थोर नाटककाराच्या लेखनात हा दोष दाखवला, आणि तो आपल्याही लेखनात अलीकडेच आढळला असे प्रांजळपणे सांगितले. तो नुसते सांगून थांबला नाही. नाट्यकलेवरचा त्याचा १६६८ चा निबंध १६८४ मध्ये पुन्हा छापला तेव्हा त्याने अशा शेपट्या शोधून शोधून कापल्या. ‘द एज आय लिव्ह इन’चे ‘द एज इन विच आय लिव्ह’ झाले. वाक्य भारदस्त झाले खरे, पण अंगरखा घालून बसल्यासारखे अवघडले. पुढे दोनशे-अडीचशे वर्षे शाळामास्तरांनी मुलांच्या वह्यांवर लाल शाई सांडली, तिचे मूळ एका कवीच्या ह्या टापटिपीत आहे.

१७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मपंडिताचे छोटेसे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. हे गृहस्थ पुढे लंडनचे बिशप झाले. माणसाला ‘हू’ आणि वस्तूला ‘विच’ ही विभागणी त्यांच्या पुस्तकात पक्की झालेली दिसते. शेपटीच्या प्रश्नावर मात्र ते समजूतदार होते. घरगुती भाषेला ती शोभते, गंभीर लेखनाला दुसरी पद्धत बरी, असे त्यांनी सांगितले. आणि हे सांगताना स्वतःच्याच वाक्याची शेपटी त्यांनी हळूच शेवटी ठेवून दिली. व्याकरणकारालाही विनोद करता येतो तो असा! पण त्यांच्यामागून येणाऱ्यांत तेवढी विनोदबुद्धी राहिली नाही. न्यूयॉर्कची वकिली सोडून इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या लिंडले मरे यांनी तेथल्या एका मुलींच्या शाळेकरिता १७९५ मध्ये व्याकरण लिहिले. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि जे लाउथने सल्ला म्हणून सांगितले होते ते आता आज्ञा म्हणून पाठ होऊ लागले.

नेमक्या ह्याच काळात इंग्रजी आपल्याकडे आली. इंग्रजांच्या पोरांनी ती आईच्या मांडीवर ऐकली आणि मग पुस्तकात पाहिली; आपल्या पोरांनी ती आधी पुस्तकात पाहिली. म्हणून आपल्याला नियम मिळाले ते वादविवादाशिवाय, जणू मनुस्मृतीतल्या वचनांसारखे. १८३५ मध्ये मेकॉलेचा शिक्षणावरचा खलिता लिहिला गेला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण मुंबईत प्रसिद्ध झाले. इंग्रजीकडे पाहून आपणही आपल्या भाषेची घडण तपासावी ही जाणीव त्या पिढीला झाली होती. पुढे गोपाळ गणेश आगरकरांसारख्या सुधारकानेसुद्धा १८८८ मध्ये वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. समाजाच्या रूढींची चिकित्सा करणारा हा माणूस मुख्य वाक्य कोणते, गौण कोणते आणि त्यांची सांगड कशी बसते याचीही चिकित्सा तितक्याच कसोशीने करतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मराठी मुलाला ह्या प्रकरणात अडचण का येते, हेही इतिहासातूनच उलगडते. आपले ‘जो’ आणि ‘तो’ ही बैलजोडी आहे. एक आला की दुसरा येणारच. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाचा.’ इंग्रजीत एकच बैल गाडा ओढतो. म्हणून आपला विद्यार्थी ‘द बॉय हू केम यस्टरडे’ एवढे बरोबर लिहितो आणि नकळत पुढे ‘ही’ घालतो. त्याच्या मनातल्या ‘तो’ला जागा हवी असते. मास्तर तो ‘ही’ खोडतात आणि पोर गोंधळते. त्याला कोणी सांगत नाही की बाळ, तुझी चूक अडाणीपणाची नाही. तुझी भाषा प्रश्नाला ‘क’, संबंधाला ‘ज’ आणि उत्तराला ‘त’ असे तिघेही स्वतंत्र ठेवणारी श्रीमंत भाषा आहे, आणि तुला आता एका काटकसरी घरात जेवायचे आहे.

दुसरी अडचण स्वल्पविरामाची. आपल्या मोडी दफ्तरांत विरामचिन्हे नव्हती. शब्दसुद्धा सलग लिहीत. मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातले हे सहकारी आणि १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाचे कर्ते. मराठीत स्वल्पविराम हा बहुतेक वेळा श्वास घेण्याची जागा दाखवतो. इंग्रजी संबंधी वाक्यात मात्र तो अर्थच बदलतो.

समजा, दिवाळीच्या गडबडीत करंज्या तळताना काही जळल्या, आणि घरातल्या एका शिकलेल्या सूनबाईंनी परदेशातल्या नणंदेला इंग्रजीत कळवले: करंज्या, ज्या जळल्या होत्या, टाकून दिल्या. ‘विच’च्या आधी नि वाक्यांशाच्या शेवटी असे दोन स्वल्पविराम असले तर अर्थ होतो की सगळ्याच करंज्या जळल्या आणि सगळ्याच टाकल्या. तेच स्वल्पविराम काढले तर जळलेल्या तेवढ्या टाकल्या, बाकीच्या डब्यात सुरक्षित आहेत. एका वाक्यात ‘विच’ करंज्यांची निवड करतो, दुसऱ्यात नुसते वर्णन करतो. नणंदेने हळहळावे की वाटा मागावा, हे त्या दोन टिंबांवर अवलंबून! मराठीत आपण हे वेगळ्या रीतीने सांगतो. ‘ज्या करंज्या जळल्या होत्या त्या टाकल्या’ म्हटले की निवड झाली. ‘करंज्या जळल्याच, म्हणून टाकल्या’ म्हटले की वर्णन झाले.

निवड आणि वर्णन हा भेद खरा महत्त्वाचा. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये आणि त्यांतल्या थोरल्या हेन्री फाउलरने १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात एक सूचना केली: निवडीसाठी ‘दॅट’ आणि वर्णनासाठी ‘विच’ असे सगळ्यांनी ठरवून टाकले तर वाचकांचे किती बरे होईल! मात्र प्रत्यक्षात बहुतेक लेखक, किंवा उत्तम लेखक, असे करतात असा आव आणणे व्यर्थ आहे, असे त्यांनी प्रामाणिकपणे जोडले. अमेरिकेत ही सूचना जवळजवळ कायदा होऊन बसली. ई. बी. व्हाइट यांनी आपले गुरू स्ट्रंक यांचे छोटे लेखनपुस्तक १९५९ मध्ये वाढवून काढले, तेव्हा नको तेथले ‘विच’ हुडकून काढण्याच्या ह्या उद्योगावर त्यांनी कोटी केली. इंग्रजीत चेटकिणीलाही ‘विच’ म्हणतात. चेटकिणींच्या शिकारीसारखी ही ‘विच’ची शिकार!

आणि तरीही मोठी माणसे मोठ्या प्रसंगी ह्या नियमाला विचारीत नाहीत. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काँग्रेसपुढे भाषण केले. कालची तारीख काळिमा म्हणून स्मरणात राहील, असे त्यांनी सांगितले. टंकलिखित मसुद्यात ‘जगाच्या इतिहासात’ असे शब्द होते. ते त्यांनी आपल्या हाताने खोडून ‘काळिमा’ घातला. त्याच वाक्यातला, निवड करणारा, अमेरिकन मास्तरांच्या मते चुकीचा ‘विच’ मात्र त्यांनी तसाच ठेवला. त्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

मग नियमांची पर्वाच करू नये काय? तसे नव्हे. कोणत्या ठिकाणी कोणता शब्द हा प्रश्न पुष्कळसा रिवाजाचा आहे, आणि रिवाज बदलतो. पण एक प्रश्न असा आहे की जो ॲल्फ्रेडच्या काळापासून आजवर बदललेला नाही: हे संबंधी सर्वनाम कोणाला धरून आहे? तेथे चूक झाली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातच सापडते.

एक बाई लिफ्ट चालवण्याची नोकरी करीत होती. १९९५ मध्ये तिची जागाच रद्द झाली. हृदयविकार आणि मानेचे नि कमरेचे दुखणे असल्यामुळे तिने १९९६ मध्ये अपंगत्वाच्या सरकारी मदतीसाठी अर्ज केला. कायदा असा होता की, मनुष्याला आपले पूर्वीचे काम करता येत नसेल, आणि देशात अस्तित्वात असलेले दुसरे कोणतेही पोटापाण्याचे कामही करता येत नसेल, तर तो अपंग. सरकार म्हणाले, तुझी प्रकृती लिफ्ट चालवण्याइतकी बरी आहे, मदत नाही. बाईचे म्हणणे, लिफ्ट चालवणारे आता राहिलेत कोठे? जे काम उरलेच नाही ते करता येते, या म्हणण्याला काय अर्थ?

सगळा प्रश्न एका ‘विच’वर येऊन ठेपला. ‘विच एक्झिस्ट्स’, म्हणजे ‘जे अस्तित्वात आहे’, हे शब्द फक्त ‘दुसऱ्या कामा’ला लागतात की ‘पूर्वीच्या कामा’लाही? खालच्या अपील न्यायालयाने बाईच्या बाजूने कौल दिला. पण नोव्हेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरवला. न्यायमूर्ती स्केलिया यांनी लिहिले की असा शब्दसमूह सामान्यतः लगतच्याच नामाला लागतो. त्यांनी घरगुती दाखलाही दिला. आईबाप बाहेरगावी जाताना मुलाला बजावतात: पार्टी केलीस, किंवा घराचे नुकसान होईल असे दुसरे काही केलेस, तर शिक्षा होईल. पोराने पार्टी केली आणि घराचे नुकसान झाले नाही असे म्हटले, म्हणून त्याची सुटका होत नाही. युक्तिवाद बिनतोड होता; पण त्या बाईचा दावा गेला तो गेलाच.

येथे मराठी माणसाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. हाच कायदा मराठीत लिहिताना एकीकडे ‘पूर्वीची नोकरी’ आणि दुसरीकडे ‘दुसरे काम’ असे शब्द पडले असते, तर ‘जी’ की ‘जे’ एवढ्यावरून निकाल लागला असता. वकिलाची गरजच नव्हती. दोन्हीकडे ‘काम’ पडले असते तर आपणही त्याच घोळात सापडलो असतो, हेही कबूल केले पाहिजे. पण जुन्या इंग्रजीत ‘से’, ‘सेओ’ आणि ‘थॅट’ असे तिघे होते तोवर तिलाही ही सोय काही प्रमाणात होती. त्या दोघांना गिळून ‘दॅट’ एकटा राहिला, त्याच्या पंगतीला लिंग नसलेला ‘विच’ येऊन बसला, आणि नाम नि सर्वनाम यांच्यामधला धागा दिसेनासा झाला. तेव्हापासून इंग्रजीला तो धागा शब्दांच्या जागेने आणि स्वल्पविरामाने सांभाळावा लागतो. म्हणून तेथे संबंधी वाक्य आपल्या नामाच्या शेजारी बसवावयाचे असते. तो शिष्टाचार नव्हे. ती त्या भाषेची गरज आहे.

एवढे लक्षात आले की बाकीचे नियम पेलवतात. माणसाला ‘हू’ म्हणावे, कारण तीनशे वर्षांचा रिवाज आता पक्का झाला आहे. स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ सहसा घालू नये. तेथे ‘हू’ किंवा ‘विच’ शोभतो. वस्तूच्या मालकीला ‘हूज’ चालतो. शतकानुशतके चालत आला आहे. ‘हूम’ बोलण्यात क्वचितच उरला आहे, लिहिण्यात तो अजून मान राखून आहे. शेपटी शेवटी राहिली तर ड्रायडनसाहेब रागावतील, दुसरे कोणी नाही.

आपल्या घरातल्या कोणा मुलाने वा मुलीने इंग्रजी वाक्य दाखवून ‘येथे हू, विच की दॅट?’ असे विचारले, तर लगेच नियम सांगू नये. आधी उलट विचारावे, ‘तुझ्या मनातला जो, तो कोण? आणि तू त्याला निवडतो आहेस की नुसते वर्णन करतो आहेस?’ ह्या दोन प्रश्नांचे उत्तर त्याला मराठीत देता आले, म्हणजे इंग्रजीतला शब्द सापडायला फार वेळ लागत नाही.